आदेशानुसार व नावाने

महाराष्ट्र शासनाचा कोणताही निर्णय, मग तो धरणाचा असो, बदलीचा असो की कार्यालयातल्या पंख्यांचा असो, एकाच ओळीने संपतो : 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने'. त्याखाली एखाद्या उपसचिवाची किंवा अवर सचिवाची सही असते. ही ओळ कुणी वाचत नाही. पत्राच्या शेवटी 'आपला विश्वासू' येते तशी ती येते. पोटासाठी सरकारी कागदांची भाषांतरे करणाऱ्या माझ्यासारख्या बाईनेही ती वर्षानुवर्षे न वाचताच उतरवली.

मात्र या ओळीनेच मला पहिला धडा दिला होता. एम.ए. करून नुकतीच कामाला लागले होते तेव्हा एका इंग्रजी आदेशातला 'इन द नेम ऑफ द गव्हर्नर' मी सरळ 'राज्यपालांच्या नावाखाली' असा मराठीत आणला. आमच्याकडे एक ज्येष्ठ भाषांतरकार मजकूर तपासत. त्यांनी लाल शाईने शब्द खोडला आणि शांतपणे म्हणाले, "बाई, हा आरोप झाला. आपल्याला आदेश हवाय."

तेव्हा हसू आले. पुढे लक्षात आले की इंग्रजीत आरोप आणि आदेश दोन्ही याच चार शब्दांत मावतात. राजाच्या नावाने दार उघडायला लावणारा शिपाई 'इन द नेम ऑफ' म्हणतो आणि धर्माच्या नावाखाली घरे जाळली गेली असे लिहिणारा इतिहासकारही तेच म्हणतो. 1793 मध्ये गिलोटिनकडे जाताना मादाम रोलाँ स्वातंत्र्यदेवतेला उद्देशून तिच्या नावाने होणाऱ्या गुन्ह्यांबद्दल बोलल्याची कथा प्रसिद्ध आहे. फ्रेंचमध्येही शब्द तोच. ते मराठीत आणताना मला आधी ठरवावे लागते की गुन्हे करणाऱ्यांना स्वातंत्र्य खरेच हवे होते ('नावाने'), की ते फक्त पांघरूण होते ('नावाखाली'). इंग्रजी किंवा फ्रेंच लेखकाला हा निवाडा टाळता येतो. मराठी भाषांतरकाराला तो पहिल्याच शब्दाला करावा लागतो, तोही लेखकाला न विचारता.

शिवाय आपल्याकडे 'नावाने' ज्या ज्या ठिकाणी सापडतो ती ठिकाणे फारशी सन्मानाची नाहीत. कुणाच्या नावाने खडे फोडायचे, बोटे मोडायची, शिमगा करायचा, नाहीतर शेवटी त्याच्या नावाने आंघोळ करून मोकळे व्हायचे. जुन्या तृतीयेचे 'नावे' हे रूप वाण्याच्या वहीत जाऊन बसले. तिथे 'जमा' म्हणजे आलेले आणि 'नावे' म्हणजे अंगावर पडलेले. गंमत म्हणजे बायबलच्या अभ्यासकांनाही हीच वही सापडली. मत्तयाच्या शुभवर्तमानातील बाप्तिस्म्याच्या सूत्रात मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ 'नावात' असा नसून 'नावामध्ये, नावाकडे' असा दिशादर्शक आहे. 1881 च्या सुधारित इंग्रजी भाषांतराने 'इन' काढून 'इनटू' घातला तो त्यामुळेच. पुढे अडोल्फ डाइसमान या जर्मन विद्वानाने दाखवले की इजिप्तमधील जुन्या पपायरसांवर हाच ग्रीक प्रयोग पैशाच्या व्यवहारात येतो, एखादी रक्कम अमक्याच्या खात्यावर मांडली अशा अर्थाने. हे वाचले त्या दिवशी मला आमच्या गावातल्या किराणा दुकानाची लाल वही आठवली होती.

पण माझा विषय धर्म नाही, राज्य आहे. आणि राज्याच्या बाबतीत ही कल्पना इंग्रजांनी इथे आणली असे मानायचे कारण नाही. त्यांनी आणला तो फक्त शब्दप्रयोग.

मुसलमानी अमलात सत्ता कुणाची हे दोन गोष्टींवरून ठरे : शुक्रवारचा खुतबा कुणाच्या नावाने वाचला जातो आणि नाणे कुणाच्या नावाने पडते. हुकूम प्रत्यक्षात कोण सोडतो हा प्रश्न वेगळा राहू शकत होता, आणि अठराव्या शतकात तो बहुतेक सगळीकडे वेगळाच राहिला. पेशव्यांच्या शिक्क्याकडे पाहा. 'श्री राजा शाहू नरपति हर्षनिधान' अशी त्याची सुरुवात, त्यानंतर पेशव्याचे नाव. पेशवाईची वस्त्रे साताऱ्याहून यायची आणि राज्य पुण्याहून चालायचे. पेशवाईतल्या टाकसाळींतून निघणाऱ्या रुपयांवर मात्र फारसी अक्षरांत दिल्लीच्या बादशहाचे नाव असे. 1784 मध्ये महादजी शिंद्यांनी शाह आलमकडून वकील-इ-मुतलक हे पद मिळवले, तेही पेशव्यांसाठी, आणि आपण त्यांचे नायब म्हणून दिल्लीचा कारभार हाती घेतला. म्हणजे उत्तरेतल्या एखाद्या गावी महादजींचा अंमलदार सारा गोळा करी तो महादजींसाठी, महादजी पेशव्यांचे नायब, पेशवे बादशहाचे वकील, आणि तेच पेशवे इकडे छत्रपतींचे प्रधान. इतक्या नावांखाली तो शेतकरी उभा होता. यात कुणाला ढोंग वाटत नव्हते. आपल्या इतिहासलेखनाला मात्र ते अवघड जाते. छत्रपती 'नामधारी' होते असे आपण एका शब्दात लिहून मोकळे होतो. नाव धारण करणे हे त्या काळी केवढे मोठे काम होते हे त्या शब्दात येत नाही, कारण आज 'नामधारी'चा अर्थच 'बिनकामाचा' असा झाला आहे.

दक्षिणेत तर माणसाचे नावही लागत नव्हते. 1750 मध्ये त्रावणकोरच्या मार्तंड वर्म्याने सगळे राज्य पद्मनाभस्वामींना अर्पण केले आणि आपण पद्मनाभदास म्हणून कारभार पाहू लागला. मेवाडचे महाराणे स्वतःला एकलिंगजींचे दिवाण म्हणवत.

ईस्ट इंडिया कंपनीने ही रीत जशीच्या तशी उचलली. 1765 मध्ये ती बंगालची दिवाण झाली ती शाह आलमच्या फर्मानाने. तिच्या बंगालमधल्या रुपयांवर त्याच बादशहाचे नाव आणि त्याच्या कारकिर्दीचे 19 वे वर्ष, कायमचे गोठवलेले. 1788 मध्ये त्या बादशहाचे डोळे काढले गेले, 1806 मध्ये तो वारला, तरी नाण्यावरचे 19 वे वर्ष संपेना. 1835 मध्ये साऱ्या मुलखासाठी एक नाणे ठरले आणि त्यावर चौथ्या विल्यमचा मुखवटा आला, तेव्हा कुठे ते नाव गेले. कंपनीची दवंडी उत्तरेत पिटली जाई ती अशी : 'खल्क खुदा का, मुल्क बादशाह का, हुक्म कंपनी बहादुर का'. माणसे देवाची, देश बादशहाचा आणि हुकूम कंपनीचा. इंग्रजीतल्या कुठल्याही कायद्यापेक्षा ही दवंडी मला अधिक प्रामाणिक वाटते. नाव कुणाचे आणि आदेश कुणाचा हे तिने रस्त्यावरच्या माणसाला दोन वेगळ्या तुकड्यांत सांगितले होते. 1857 च्या जूनमध्ये झाशीत तिचा तिसराच तुकडा बदलला आणि तिथे राणी लक्ष्मीबाईंचे नाव आले. पहिले दोन होते तसेच राहिले.

म्हणूनच 1858 च्या आरंभी लाल किल्ल्यात बहादुरशाह जफरवर राजद्रोहाचा खटला उभा राहिला तेव्हा एक विचित्र पेच होता. ज्याच्या नावाने कंपनीने आपली दिवाणी मिळवली आणि सत्तर वर्षे नाणी पाडली, त्या घराण्याचा माणूस कंपनीशी बंडखोरी कशी करणार? एफ. डब्ल्यू. बकलर या इंग्रज इतिहासकाराने 1922 मध्ये उलटच मांडणी केली : कायद्याने पाहिले तर बंडखोर कंपनी होती. बकलरचे म्हणणे पुष्कळांनी खोडून काढले आहे आणि ते पूर्ण टिकत नाही असे मलाही वाटते. बादशहाचे नाव नाण्यावरून जाऊन तेव्हा वीस-बावीस वर्षे झाली होती. पण त्याने नेमके जिथे बोट ठेवले ती जागा खरी होती.

त्याच वर्षी, 2 ऑगस्ट 1858 रोजी, ब्रिटिश पार्लमेंटने कंपनीचा कारभार संपवणारा कायदा केला. त्याच्या दुसऱ्या कलमात हिंदुस्थानचे राज्य राणीकडून 'अँड इन द नेम ऑफ' राणी चालेल असे म्हटले आहे. 'बाय अँड इन द नेम ऑफ'. दवंडीतले दोन तुकडे या 'अँड'ने सांधले. आता हुकूमही तिचाच आणि नावही तिचेच, निदान कागदावर. शासन निर्णयाच्या शेवटी येणारा आपला 'व' हा त्याच 'अँड'चा वारस आहे. 1935 च्या कायद्याच्या 59 व्या कलमाने प्रांतांसाठी हे सूत्र पक्के केले : प्रांत सरकारची प्रत्येक कारवाई गव्हर्नरच्या नावाने केल्याचे व्यक्त केले जावे. संविधानाच्या 166 व्या अनुच्छेदाने ते जवळपास शब्दशः घेतले. राष्ट्रपतींसाठी तेच काम 77 वा अनुच्छेद करतो.

इथे एका शब्दाकडे थांबले पाहिजे. कारवाई राज्यपालांच्या नावाने 'करावी' असे संविधान म्हणत नाही. ती नावाने केल्याचे 'व्यक्त' करावे असे म्हणते. हिंदी पाठात 'के नाम से की हुई कही जाएगी' असे आहे आणि मला हा हिंदी पाठ फार आवडतो. 'कही जाएगी' यात कबुलीच आहे, की करणारा दुसराच कुणी आहे.

संविधान लागू होऊन दोन वर्षे होतात तोच हा शब्द सर्वोच्च न्यायालयात पोहोचला, मुंबई राज्यातूनच. पुरुषोत्तम जोग नाईक यांना प्रतिबंधक स्थानबद्धता कायद्याखाली पकडले होते. आदेशाच्या सुरुवातीला 'मुंबई सरकारची खात्री झाली आहे' असे होते आणि शेवटी 'मुंबईच्या राज्यपालांच्या आदेशानुसार' असे लिहून सचिवाची सही. 'नावाने' हा शब्द कुठेच नव्हता. मुंबई उच्च न्यायालयाने आदेश सदोष ठरवला. 1952 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. निकाल न्यायमूर्ती विवियन बोस यांनी लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : सचिव एखाद्याला पकडतो आणि हे राज्यपालांच्या आदेशावरून होत आहे असे त्याला सांगतो, तेव्हा तो आपण त्यांच्या नावाने आणि त्यांच्या वतीने वागतो आहोत हेच सांगत असतो. संविधानाला ठरीव शब्दांचा जादूचा मंत्र नको आहे, आशय पाहायचा.

त्याच वर्षीचा दत्तात्रय मोरेश्वर पांगारकर यांचा खटला आणखी पुढे गेला. तिथे स्थानबद्धता कायम करणारा आदेश एका साध्या सरकारी पत्रातून कळवला होता, राज्यपालांचा उल्लेखही नव्हता. न्यायालय म्हणाले, 166 वा अनुच्छेद मार्गदर्शक आहे, बंधनकारक नाही. शब्द चुकले म्हणून आदेश मरत नाही. फक्त त्याला आपोआप मिळणारे संरक्षण जाते आणि सरकारला आपण खरोखरच निर्णय घेतला होता हे अन्य पुराव्याने दाखवावे लागते.

भाषांतरकार म्हणून मला बोस यांची बाजू पटते. शब्दाला शब्द जुळलाच पाहिजे असा हट्ट धरला तर आमचा धंदाच बंद होईल. नागरिक म्हणून तितकी पटत नाही. माणसाला चौकशीविना डांबायचे असेल तर निदान एक वाक्य तरी नीट लिहा, एवढे मागणे जास्त नाही. आणि पैशाचा विषय आला की तेच न्यायालय कसे बदलते पाहा. सरकारी करारांसाठी 299 वा अनुच्छेद आहे, आणि 1935 च्या कायद्यात त्याचा पूर्वज होता. करार राष्ट्रपतींनी किंवा राज्यपालांनी केल्याचे व्यक्त झाले पाहिजे आणि त्यांच्या 'वतीने' त्यावर सही झाली पाहिजे. ईस्ट इंडियन रेल्वेच्या एका विभागीय अधिकाऱ्याने धान्याची खरेदी केली, पण मागणीपत्रांवर गव्हर्नर जनरलचे नाव नव्हते. 1961 च्या भिकराज जयपुरिया निकालात न्यायालयाने सांगितले की असा करारच नाही. इथे सूत्र बंधनकारक. व्यापारी नुकसान सोसून घरी गेला. तिजोरीवर बोजा पडणार असेल तर मंत्र अचूक हवा, आणि माणूस तुरुंगात जाणार असेल तर आशय पुरे. दोन्ही निकालांमागची कायदेशीर कारणे मी वाचली आहेत, ती खोटी नाहीत. तरी हे दोन कागद शेजारी ठेवले की खटकते.

याच करारांच्या अनुच्छेदावर बोस यांचा 1954 चा एक निकाल आहे, भंडारा मतदारसंघाच्या निवडणुकीवरचा. एका उमेदवाराच्या कंपनीने सरकारी कँटीनला विड्या पुरवण्याचा करार केला होता, तो राष्ट्रपतींच्या नावाने नव्हता, मग तो करार म्हणायचा का, असा वाद. बोस यांनी तिथे मध्यम मार्ग काढला : सरकारवर तो बंधनकारक नसेल, पण म्हणून तो काहीच नव्हता असे नाही. याच निकालात दुसरा प्रश्न होता तो महानुभाव पंथ स्वीकारलेला महार माणूस महार राहतो की नाही, याचा. बोस नागपूरचे, तिथल्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले. मराठी गद्याचा आरंभ जिथे शोधतात त्या पंथाची ओळख विड्यांच्या कराराशेजारी तपासली गेली, हे मराठी साहित्याच्या किती अभ्यासकांना ठाऊक आहे कोण जाणे.

आता आपल्या राज्यांनी हे सूत्र आपापल्या भाषेत कसे आणले ते पाहा. गुजरात म्हणतो 'राज्यपालश्रीना हुकमथी अने तेमना नामे'. कर्नाटक म्हणतो 'आदेशानुसार मत्तु अवर हेसरिनल्लि', म्हणजे त्यांच्या नावा'त'. इंग्रजी 'इन' तिथे सप्तमी होऊन तसाच उतरला. मराठीने तृतीया धरली, जी साधनाची विभक्ती : चाकूने कापले, नावाने केले. तमिळनाडू मात्र 'आळुनरिन आणैप्पडि' एवढेच लिहितो, राज्यपालांच्या आज्ञेप्रमाणे. नाव गायब. पुरुषोत्तम नाईकांच्या आदेशात होते तेवढेच शब्द, आणि 1952 पासून तेवढे पुरतात. महाराष्ट्राने 1960 नंतर भाषा संचालनालय काढले, पदनाम कोश केला, आचार्य अत्र्यांनी त्याला 'बदनाम कोश' म्हणून घेतला, पण या ओळीची थट्टा कुणी केली नाही. 'आदेशानुसार' संस्कृत, 'नावाने' घरगुती, दोहोंना बांधणारा 'व'. सरकारी मराठीत इतकी साधी जोडी दुर्मीळ आहे.

हे सगळे मी पुन्हा वाचायला घेतले त्याला कारण झाले एक पान. आणीबाणीत तुरुंगवास भोगलेल्यांना मानधन देण्याचे महाराष्ट्र सरकारने 2018 मध्ये ठरवले. त्यानंतर सांगलीकडच्या एक वृद्ध बाई मुलाबरोबर माझ्याकडे आल्या. यजमान वारलेले. जवळ 1975 चा इंग्रजी कागद होता, मिसाखालची स्थानबद्धता राज्य सरकारने कायम केल्याचा. त्यांना तो मराठीत हवा होता, अर्जासाठी नव्हे, स्वतःसाठी. त्या वर्षी जूनच्या अखेरीस मिसात 16-अ कलम घातले गेले होते, त्यामुळे कारणे देण्याची गरज उरली नव्हती. कागदावर कायद्याचा हवाला, नाव, गाव आणि खाली ती ओळ. मी वाचून दाखवली. बाई थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "ताई, या राज्यपालांनी ह्यांना कधी बघितलं तरी होतं का हो?"

कायद्याचे उत्तर मला माहीत होते. बघायची गरजच नव्हती. 1974 मध्येच, समशेर सिंग खटल्यात, सात न्यायमूर्तींनी सांगितले होते की संविधान राज्यपालांचे समाधान म्हणते ते त्यांचे वैयक्तिक समाधान नव्हे, मंत्रिमंडळाचे. नाव त्यांचे, मन दुसऱ्याचे. लोकशाहीत ते तसेच हवे, नाहीतर राज्यपालच राजा होईल. पण त्याच्या पुढच्याच वर्षी, 25 जून 1975 च्या रात्री, राष्ट्रपतींनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली ती पंतप्रधानांच्या एका पत्रावर, मंत्रिमंडळाची बैठक न होताच. त्या रात्री नावामागचे मनही एकाच माणसाचे होते. मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय अशी घोषणा करता येणार नाही ही अट 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने घातली.

आणि नाईक-पांगारकरांना जी वाट होती ती या बाईंच्या यजमानांना उरली नव्हती. 1952 मध्ये निदान वकील उभा राहून म्हणू शकत होता की या आदेशात अमुक शब्द नाही. आणीबाणीत नागपूर खंडपीठासह नऊ उच्च न्यायालयांनी असे अर्ज ऐकता येतील असे म्हटले. 28 एप्रिल 1976 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते दारही लावले. आदेश कायद्याबरहुकूम नाही हेसुद्धा आता विचारता येणार नव्हते. ओळ होती की नव्हती, याने काहीच फरक पडला नसता. तरी कुणीतरी ती टंकलेखन यंत्रावर बिनचूक टाइप केली होती.

हे सगळे बाईंना सांगितले नाही. म्हटले, "नाही आजी, पाहिलं नसावं. तशी पद्धत आहे."

"मग सही कुणाची?"

भाषांतर करताना मी तीच ओळ घातली, सगळे घालतात ती. 'नावाखाली' हा शब्द या वेळी चुकून आला नव्हता, मुद्दाम आठवला होता, आणि मुद्दामच बाजूला ठेवला. तो निवाडा करायचा हक्क त्या बाईंचा होता, माझा नव्हे. मग सहीपाशी आले. कार्बनची तिसरी-चौथी प्रत असावी. एक लपेटदार रेघ, तिच्याखाली टाइप केलेले नाव पुसट, फक्त 'उपसचिव' एवढे लागत होते. आमच्या कामात अशा जागी काय लिहायचे ते ठरलेले आहे. मी चौकोनी कंसात लिहिले : [सही आहे. नाव वाचता येत नाही.]